आतड्यांचा रुसवा

पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकच प्रश्न विचारला जातो. सकाळी राउंडला आलेले सर्जन विचारतात, त्यांच्या मागून येणारे शिकाऊ डॉक्टर विचारतात, दुपारी सिस्टर विचारतात, चादर बदलायला आलेल्या मावशी विचारतात आणि संध्याकाळी भेटायला आलेली नातेवाईक मंडळीही इकडेतिकडे पाहत, आवाज खाली आणून विचारतात, ‘वारा सरला का?’ ज्या गोष्टीचं एरवी चारचौघांत हसू होतं, जिच्यावरून लहान मुलांना दटावलं जातं, त्या गोष्टीची अख्खं कुटुंब कानांत प्राण आणून वाट पाहत असतं.

आमच्या मराठी कथा-कादंबऱ्यांत इस्पितळातले प्रसंग काही कमी नाहीत. नायक डोळे उघडतो, नायिकेचा हात हातात घेतो, सलाइनच्या थेंबांकडे पाहत आयुष्याचा हिशेब मांडतो. पण तिसऱ्या दिवशी त्याला हा प्रश्न विचारला गेल्याचं मला कुठे वाचल्याचं आठवत नाही. मीही चार कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांतल्या दोघांना इस्पितळात झोपवलं. पण तिथवर काही माझीही लेखणी गेली नाही. शास्त्रकारांना मात्र असा संकोच नव्हता. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त माणसाने अडवून धरू नयेत असे तेरा वेग सांगितले आहेत आणि त्या यादीत पहिला मान या वाऱ्याचाच आहे.

हा प्रश्न विचारावा लागतो, कारण पोट उघडलं की आतडी काम थांबवतात. यात आतड्याला पीळ पडलेला नसतो, वाट बंद झालेली नसते. अन्न पुढे ढकलणारी आतड्यांची लाटेसारखी हालचाल थबकते, इतकंच. वैद्यकात याला ‘इलियस’ म्हणतात. मौज अशी, की ज्या भागाला सर्जनचा हात लागला तेवढाच भाग थांबत नाही; ज्याला कुणी शिवलंही नाही तो भागही थांबतो. सर्वसाधारणपणे लहान आतडं काही तासांत पुन्हा हलू लागतं, जठर एक-दोन दिवसांत, आणि मोठं आतडं दोन-तीन दिवसांत. इथवर सारं अपेक्षित असतं. पण मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर दहांतल्या एखाद्या रुग्णाचा हा रुसवा लांबतो. पोट फुगतं, उलट्या होतात, खाणंपिणं बंद होतं. उलटी श्वासनलिकेत गेली तर फुप्फुसाला धोका. मुक्काम वाढतो, खोलीचं बिल वाढतं आणि मुख्य म्हणजे, शस्त्रक्रिया उत्तम झाली असूनही माणूस खचतो.

हा रुसवा काढायचा कसा, यावर शंभराहून अधिक वर्षं विचार चालू आहे. त्यातली अलीकडची वाट मला फार रंजक वाटते : आतड्यांपर्यंत जाणाऱ्या नसेला विजेचा अगदी सौम्य स्पर्श करून त्यांना कामावर बोलवायचं. ती वाट समजून घ्यायची तर आधी आतड्यांचा कारभार समजून घ्यायला हवा.

मी १९८३ साली बँकेत लागलो. माझी पहिली शाखा तालुक्याच्या गावी होती. संगणक नव्हता; हेड ऑफिसशी संबंध टपालाचा, तारेचा आणि अगदीच वाईट दिवशी ट्रंककॉलचा. रोजचा सारा व्यवहार, म्हणजे रोकड मोजणं, लेजर लिहिणं, दिवसअखेर मेळ घालणं, हे शाखा आपल्या बळावर करी. टपाल चार दिवस आलं नाही तरी शाखा उघडे आणि बंद होई. आतड्यांचा कारभार नेमका असा आहे. त्यांच्या भिंतींत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं आहे. १८५७ मध्ये माइसनर यांनी आणि त्यानंतर १८६०च्या दशकात आउअरबाख यांनी, या दोघा जर्मन शास्त्रज्ञांनी त्या जाळ्याचे दोन थर दाखवले. आज त्यांतल्या पेशींची संख्या दहा कोटींहून अधिक मानली जाते.

१८९९ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या जोडीने कुत्र्याच्या आतड्याला बाहेरून येणाऱ्या सगळ्या नसा कापून टाकल्या. तरीही आत काही घातलं, की आतडं त्या वस्तूच्या मागच्या बाजूला आवळे आणि पुढच्या बाजूला सैल होई. वस्तू पुढे सरके. म्हणजे हेड ऑफिसशी संपर्क तुटला तरी शाखेचं काम चालूच. लँगली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये या जाळ्याला मज्जासंस्थेचा स्वतंत्र विभाग म्हणून मान्यता दिली.

तरी शाखेला हेड ऑफिस असतंच. मेंदूकडून आतड्यांकडे दोन प्रकारच्या तारा येतात. एक अनुकंपी चेतासंस्थेची. ती संकटाच्या वेळी ‘तूर्त काम थांबवा, रक्त हातापायांकडे जाऊ द्या’ असा निरोप आणते. दुसरी परानुकंपी, तिच्यातली मुख्य नस म्हणजे व्हेगस. या लॅटिन शब्दाचा अर्थ भटका. नावाप्रमाणेच ही नस कवटीच्या तळातून निघते आणि गळा, हृदय, फुप्फुसं, जठर अशी गावं घेत आतड्यांपर्यंत भटकत जाते. हिचा निरोप सामान्यतः ‘निवांत आहे, चालू द्या’ असा. आणखी एक गंमत : व्हेगसमधल्या शंभरातल्या सुमारे ऐंशी तंतूंतून निरोप वर जातात, वरून खाली फार थोडे येतात. आमच्या शाखेतूनही रोज ढीगभर तक्ते वर जायचे आणि उलट टपाली येणारं पत्र आठवड्यातून एखादं. हे वाचून मला शरीररचनेबद्दल एकदम आपुलकी वाटू लागली.

बेलिस आणि स्टार्लिंग यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. पोट उघडताच कुत्र्याचं आतडं थांबे, पण त्याच्याकडे जाणाऱ्या अनुकंपी नसा कापल्या, की ते पुन्हा हलू लागे. म्हणजे थांबण्याचा हुकूम त्या तारेवरून येत होता. पुढे १९०६ मध्ये अमेरिकेत वॉल्टर कॅनन आणि मर्फी यांनी मांजरांवर प्रयोग करून पाहिलं, की आतड्यांना नेमकं काय झोंबतं. उघड्यावर ठेवणं, गार होऊ देणं, यांपेक्षा त्यांना हात लावणं, चाळवणं हेच सर्वांत जास्त झोंबत होतं. जितकी हाताळणी रांगडी तितका रुसवा मोठा. आज दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर आतडी लवकर कामाला लागतात, त्याचं एक मोठं कारण हेच. आत हातांची उलथापालथ कमी होते.

याच कॅननने त्याआधी, क्ष-किरणांचा शोध लागून दोन-तीन वर्षंच झाली होती तेव्हा, मांजरांच्या जठराची हालचाल पडद्यावर पाहिली होती. मांजर बिथरलं, की ती हालचाल थांबे; त्याला गोंजारून शांत केलं, की पुन्हा सुरू होई. आपल्या भाषेला हे कुणी शिकवावं लागलं नाही. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, वाईट बातमीने पोटात कालवतं, लेकरू दूर गेलं की आतडं तुटतं. इतर अवयवांच्या मानाने आतड्यांवर आपण फार मोठी भावनिक जबाबदारी टाकली आहे आणि ती अगदीच चुकीच्या खात्यावर टाकलेली नाही.

आतड्यांचा रुसवा मी प्रथम पाहिला तो १९७८ साली, वडिलांच्या वेळी. आतड्याला पीळ पडला म्हणून जिल्ह्याच्या गावी त्यांचं पोट उघडलं होतं. त्या काळची रीत अशी, की वारा सरेपर्यंत तोंडातून थेंबही द्यायचा नाही. नाकातून जठरात गेलेली रबरी नळी, हिरवट पाण्याने भरत जाणारी बाटली, आणि सुकलेल्या ओठांवरून फिरवायला आईच्या हातात ओल्या कापसाचा बोळा. मे महिन्याचे दिवस. वडील खुणेने पाणी मागत आणि आई मान फिरवून खिडकीकडे बघे. आमची आत्या पदराखाली पेजेचा डबा घेऊन आली आणि सिस्टरनी तो दारातच अडवला, तेव्हा आत्याने त्यांना जे ऐकवलं ते वॉर्डभर ऐकू गेलं. ‘माणूस कापला तो कापला, आता उपाशी मारता काय?’ तिच्या या प्रश्नात वैद्यकीयदृष्ट्याही तथ्य होतं, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

माझे वडील शिस्तीचे. घरात ‘तसला’ आवाज झाला तर पेपरातून डोळे वर करून नुसते बघत आणि आम्ही अंगणात पळत असू. चौथ्या दिवशी दुपारी, पंखा बंद पडल्यामुळे शांत झालेल्या त्या वॉर्डात, त्यांच्याच खाटेवरून तो आवाज आला. कुणी हसलं नाही. आईने हात जोडले. शेजारच्या खाटेवरचे अनोळखी आजोबा म्हणाले, ‘सुटलात हो मास्तर.’ वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लाजेचं नव्हतं.

त्या काळी डॉक्टरांच्या हाती तरी काय होतं? नळी घालायची, सलाइन लावायची आणि वाट पाहायची. नसेच्या वाटेने येणारा थांबण्याचा हुकूम ठाऊक होता. पण तो हुकूम तर काही तासांत ओसरायला हवा. मग आतडी दिवसेंदिवस का थांबतात? त्याचा उलगडा १९९०च्या दशकात होऊ लागला. अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी १९९८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की आतड्याच्या स्नायूंच्या थरात पहारेकरी पेशी बसलेल्या असतात. आतडं हाताळलं, की त्या खवळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हाका मारतात, आणि काही तासांत स्नायूंच्या थरात दाह पसरतो. दाहाने भरलेले स्नायू आवळत नाहीत. आणि स्पर्श न झालेल्या भागालाही त्याची झळ लागते. त्यातच वेदना कमी करायला मॉर्फिनसारखी औषधं दिलेली असतात. जुन्या काळी ढाळ लागले तर थोडी अफू देत. मॉर्फिन हा त्याच अफूचा वंशज. आतड्यांच्या नसांवर तो आपला घरंदाज गुण दाखवतोच.

म्हणजे रुसव्याचे भाग दोन : पहिला नसांचा, लवकर सरणारा, दुसरा दाहाचा, रेंगाळणारा. आता त्या भटक्या नसेकडे वळू. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून सिद्ध केलं, की व्हेगसला चेतवलं की तिच्या टोकांतून एक रसायन पाझरतं. ते म्हणजे ॲसिटिलकोलिन. हृदय त्यामुळे मंदावतं. आतडी मात्र त्याने चळवळी होतात. पुढे २००० सालच्या सुमारास न्यूयॉर्कजवळ केव्हिन ट्रेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं, की व्हेगस चेतवली तर शरीरातला दाहही निवतो. हा धागा ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी उचलला. उंदरांची आतडी हाताळायची आणि त्याच वेळी व्हेगसला विजेची सौम्य चेतना द्यायची. २००५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की पहारेकरी पेशी शांत राहिल्या, दाह कमी झाला आणि पोट लवकर चालू लागलं. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेनच्या संशोधकांनी त्यात भर घातली : व्हेगस पहारेकऱ्यांशी थेट बोलत नाही, ती आतड्यांतल्या मज्जापेशींना सांगते आणि त्या आपल्या शेजारच्या पहारेकऱ्यांना आवरतात. हेड ऑफिसने थेट दारवानाला पत्र लिहायचं नाही, शाखाधिकाऱ्यामार्फतच लिहायचं, हा शिष्टाचार तिथेही पाळला जातो.

उंदरांचं झालं. माणसाच्या व्हेगसला हात कसा घालायचा? फेफऱ्याच्या हट्टी रुग्णांसाठी छातीच्या कातडीखाली बसवायचं एक यंत्र आहे; त्याची तार गळ्यातल्या व्हेगसला गुंडाळलेली असते. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये परवानगी मिळाली. पण चार दिवसांच्या रुसव्यासाठी गळ्यावर वेगळी शस्त्रक्रिया कोण करून घेईल? म्हणून सोप्या वाटा शोधल्या जात आहेत. पोट उघडलेलंच आहे तर तिथेच, शस्त्रक्रिया चालू असताना व्हेगसच्या शाखेला काही मिनिटं चेतना द्यायची, हा प्रयोग माणसांवर झाला आहे. इंग्लंडमध्ये लीड्सच्या सर्जनांनी दुसरा मार्ग घेतला. मुठीत मावणारं यंत्र रुग्णाच्याच हाती द्यायचं. त्याने ते शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काही दिवस गळ्याच्या बाजूला धरायचं. त्यांची सुरुवातीची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली.

तिसरी वाट कानाची. व्हेगसची एक बारीक फांदी कानाच्या कातडीपर्यंत येते. कान कोरताना काही जणांना ठसका लागतो, तो हिच्यामुळेच. कानाला चिमटा लावून तिथून चेतना पोचवायची, असे प्रयत्न चालू आहेत.

चौथी वाट पायाची आहे आणि सध्या पुराव्याची बाजू तिचीच सर्वांत भक्कम दिसते. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला, चिनी ॲक्युपंक्चरमध्ये पोटासाठी प्रसिद्ध असलेली एक जागा आहे. तिथे आणि आणखी काही ठिकाणी सुया टोचून त्यांतून सौम्य वीज सोडायची. हाँगकाँगमध्ये दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या १६५ रुग्णांवर हे करून पाहिलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुया न टोचलेल्यांना पहिल्यांदा शौचाला व्हायला सरासरी १२२ तास लागले, विजेच्या सुया टोचलेल्यांना ८६. म्हणजे दीड दिवस वाचला. आता कुणी म्हणेल, सुई टोचल्याच्या समाधानानेच रुग्णाला बरं वाटलं असेल. म्हणून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या २४८ रुग्णांच्या चाचणीत निम्म्यांना खऱ्या सुया आणि निम्म्यांना नुसता देखावा, असं केलं. तरीही फरक राहिला. ७६ तास विरुद्ध ९०. फरक लहान झाला, पण नाहीसा झाला नाही. हा लहान झालेला फरकच मला जास्त विश्वासार्ह वाटतो. खात्यात किती रक्कम नाही हे स्पष्ट लिहिणारा लेखनिकच भरवशाचा, हे मी नोकरीत शिकलो.

पण पायाला टोचलं तर पोटाला कसं कळतं? २०२१ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांत याचा एक दुवा दाखवला. मागच्या पायाच्या खोल थरांत एका विशिष्ट जातीचे मज्जातंतू असतात. त्यांना हलकी वीज दिली, की निरोप मेंदूकडे जातो आणि तिथून व्हेगसमार्गे खाली उतरून दाह निववतो. पोटाच्या कातडीवर तसे तंतू नसल्यामुळे तिथे टोचून तो परिणाम होत नाही. शेकडो वर्षांच्या अनुभवाने निवडलेली जागा आणि प्रयोगशाळेत सापडलेला तंतू यांची अशी गाठ पडली.

तरीही वाचकांनी लगेच कुणा सुईवाल्याचा पत्ता शोधू नये. व्हेगस हृदयालाही आवरते, त्यामुळे तिच्याशी खेळ हा तज्ज्ञांच्याच देखरेखीखाली व्हायला हवा. गळ्याची, कानाची यंत्रं या कामासाठी अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहेत. नेहमीच्या उपचारांत ती बसलेली नाहीत.

दरम्यान, यंत्राविनाही व्हेगसला जागं करता येतं, हे जुनंच ज्ञान आहे. रशियात पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्याने खाल्लेलं अन्न गळ्यातूनच बाहेर पडेल अशी व्यवस्था केली होती. जठरात घासही पोचत नसे, तरी पाचकरस वाहू लागे. व्हेगस कापली की तो थांबे. तोंड चावू लागलं, की नस पोटाला वर्दी देते. याच आधारावर जपानमध्ये २००२ साली १९ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर चक्क च्युइंगगम चघळायला देऊन पाहिलं आणि गम चघळणाऱ्यांची आतडी लवकर जागी झाली. पुढे जगभर प्रयोग झाले. २०१५ मध्ये अशा ८१ अभ्यासांचा, नऊ हजारांवर रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात सिझेरियन झालेल्या बाळंतिणीही पुष्कळ होत्या. गमने वारा सरायला सरासरी दहा तास कमी लागतात असं दिसलं. मात्र अनेक अभ्यासांचा दर्जा बेताचा होता. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या सुमारे २००० रुग्णांच्या चाचणीत तर गममुळे इस्पितळातला मुक्काम कमी झाला नाही. तीच गत कॉफीची. जर्मनीत हायडेलबर्गला ८० रुग्णांपैकी निम्म्यांना कॉफी आणि निम्म्यांना गरम पाणी दिलं. कॉफीवाल्यांना शौचाला ६० तासांत झालं, पाणीवाल्यांना ७४. तो अभ्यास २०१२चा.

खरी क्रांती यांतल्या एकाही वस्तूने केली नाही. ती केली डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट या सर्जनने, साऱ्या वस्तू एकत्र आणून. कमरेवरच्या मणक्यांत बधिर करणारं औषध सोडून थांबण्याचा हुकूम वाटेतच अडवायचा, मॉर्फिन कमी करायचं, दुर्बिणीतून काम करायचं, नाकातली नळी उगाच ठेवायची नाही, लवकर उठवायचं आणि लवकर खायला द्यायचं. १९९५ मध्ये त्यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर वयस्कर रुग्ण दोन दिवसांत घरी गेल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. आज ही पद्धत जगभर मान्य आहे. आत्याचा पेजेचा डबा आता सिस्टर अडवत नाहीत. फक्त डॉक्टरांना विचारून तो उघडतात.

हे सारं मला पुस्तकातून कळलं असं नाही. २०२२ मध्ये माझ्याच मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा दुर्बिणीतून काढावा लागला. संध्याकाळीच मला खुर्चीत बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी समोर आली. मी म्हटलं, ‘डॉक्टर, चहा नाही का चालणार?’ ते हसले. म्हणाले, ‘चालेल की काका, पण अभ्यास कॉफीचा झालाय.’ एकसष्टाव्या वर्षी, नातवाच्या देखत, मी च्युइंगगमही चघळलं. सारं शास्त्राप्रमाणे झालं आणि तरीही तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं ताठलं. उलट्या झाल्या, स्कॅन झाला, शिवण सुटलेली नाही याची खात्री झाली आणि अखेर माझ्याही नाकात नळी गेली. त्या दोन रात्री फार लांब होत्या. पोट आपलं, पण आपण त्याला काहीही सांगू शकत नाही, ही जाणीव म्हातारपणाची पहिली खरी जाणीव असावी. बायको उशाशी बसून होती; ती धीराचं काही बोलली नाही, हे तिचे उपकार. डॉक्टर म्हणाले, ‘काका, शंभरातल्या दहांमध्ये आपण आलो. आता त्यांना वेळ देऊ.’ पाचव्या पहाटे पोटात गुरगुरलं. मला वडिलांच्या शेजारच्या खाटेवरचे ते आजोबा आठवले.

त्या काळात वाचलेली आणखी एक गोष्ट सांगतो. आतडी खरोखर पूर्ववत झाली हे कशावरून ठरवायचं, याचा अभ्यास ॲमस्टरडॅमला झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या वाऱ्यावर विसंबणं तितकं बरोबर नाही, असं त्यांना आढळलं. घट्ट अन्न पचतंय का आणि शौचाला झालं का, या दोन गोष्टी मिळून खरी साक्ष देतात. आमची आजी गावाहून आलेल्या प्रत्येकाला हेच दोन प्रश्न विचारायची : जेवलास का, आणि पोट साफ आहे ना?

घरात कुणाच्या पोटाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर आपण काय करावं? आधीच सर्जनना आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारावं : वेदनेसाठी काय देणार, मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी करता येतील का, पहिला घोट आणि पहिला घास केव्हा, चालवणार केव्हा. चालण्याने आतडी सुरू होतातच असं नाही, पण फुप्फुसं मोकळी राहतात आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका कमी होतो, म्हणून चालवावंच. गम द्यायचं तर परवानगीने. रुग्ण गुंगीत असेल किंवा गिळताना त्रास होत असेल तर मुळीच नको. चोरून काही भरवू नये. पोटफुगी वाढत असेल, उलट्या थांबत नसतील, ताप किंवा दुखणं वाढत असेल, तर ‘रुसवा आहे, निघेल’ म्हणून गप्प बसू नये, लगेच सांगावं; कारण प्रत्येक थांबलेलं पोट रुसलेलंच असतं असं नाही, क्वचित आत शिवण सुटलेली असते. आणि रुग्णाला दर तासाला तोच प्रश्न विचारू नये. कॅननच्या मांजराची गोष्ट लक्षात ठेवावी.

शंभर वर्षांत शास्त्राने या एका अवयवाबाबत जी वाट चालली ती पाहण्यासारखी आहे. आधी आतड्यांकडे दुर्लक्ष, मग त्यांच्यावर सक्तीचा उपास, मग त्यांच्या हुकमाची तार कापण्याचा विचार, आणि आता त्यांच्याच ओळखीच्या नसेकरवी हलकासा निरोप. घराघरांतले रुसवे काढणाऱ्या बायकांना यात नवल वाटणार नाही. रुसलेल्या माणसाशी थेट बोलायचं नसतं. ज्याचं तो ऐकतो अशा कुणाला तरी मध्ये घालायचं, आणि तोवर ताट झाकून ठेवायचं.